मांडवीतल्या कॅसिनोची सवलत: पॅकेज, ‘वन टाइम प्ले’ चिप्स आणि दर्शनी मूल्यावरचा कर

पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर संध्याकाळी पर्यटकांना जी ‘ऑफर’ ऐकवली जाते, तिचा साचा गेली अनेक वर्षे फारसा बदललेला नाही: अमुक रुपयांत प्रवेश, त्यातच जेवण, आणि वर तमुक रुपयांच्या चिप्स (खेळात पैशाऐवजी लावायच्या चकत्या) मोफत. मुंबई-पुण्याहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून दोन दिवसांसाठी आलेला माणूस त्या तीन गोष्टींची मनातल्या मनात बेरीज करतो आणि सौदा स्वस्तात पडला असे समजतो. प्रत्यक्षात प्रवेश, जेवण आणि चिप्स या तिन्हींना वेगवेगळे नियम लागू आहेत, आणि खरी बचत कशात होते व कशात नुसती दिसते हे त्या नियमांचा मागोवा घेतल्याशिवाय कळत नाही.

पॅकेज ही पद्धत गोव्यात रुजली ती मुख्यतः कायद्याच्या आखणीमुळे. १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरच्या खेळांना मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने पत्त्यांचे व रुलेटसारखे (फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात थांबते यावर पैज लावायचे) टेबलावरचे खेळ ‘ऑफशोअर’ जहाजांवर खेळवण्याची वाट मोकळी झाली. (ही जहाजे समुद्रात न जाता मांडवीच्या पात्रातच नांगर टाकून राहिली आणि त्यांना तेथून हलवण्याची आश्वासने वारंवार दिली गेली, हा स्वतंत्र आणि क्लेशदायक विषय आहे.) जहाजावर जायचे तर धक्क्यावरून छोट्या बोटीने जावे लागते, बाहेर पडून शेजारच्या हॉटेलात जेवून परत येणे सोयीचे नसते, आणि त्यामुळे तिकिटातच जेवण, पेये व करमणूक बांधून देणे चालकांना सहज जमले. नेवाडात १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाल्यावर लास व्हेगासमध्ये नेमके उलट घडले. तेथील कॅसिनोचे दार रस्त्यावर उघडते आणि आत जायला पैसे पडत नाहीत, म्हणून तेथील कुपने खोली, बुफे आणि पहिल्या डावापुरती राहिली. गोव्यात मात्र प्रवेशालाच किंमत असल्याने सवलतही प्रवेशावरच आली.

‘मोफत’ खेळाच्या पैशाची कल्पनाही अमेरिकेतलीच. १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो सुरू झाल्यानंतर आसपासच्या शहरांतून बस भरभरून माणसे आणली जात आणि उतरताना प्रत्येकाला नाण्यांची गुंडाळी मिळे. ती नाणी खिशात घालून समुद्रकाठी फिरायला निघून जाणारेही होतेच. रोख दिली की ती खेळातच येईल याची खात्री नसते, म्हणून फक्त टेबलावरच चालेल असे काहीतरी द्यावे, या गरजेतून कॅसिनोच्या जगात न वटणाऱ्या चिप्सचा वापर वाढला. गोव्यातील ‘वन टाइम प्ले’ चिप, म्हणजे बोलण्यातली ‘ओटीपी’, त्याच कुळातली आहे.

या एका शब्दाभोवती इतका गैरसमज आहे की त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. मनगटावर पट्टी बांधून आत गेलेल्या पाहुण्याला ज्या चिप्स मिळतात त्या रोखीच्या चिप्सपेक्षा वेगळ्या असतात. त्या खिडकीवर देऊन पैसे मिळत नाहीत. समजा, एक हजाराची अशी चिप रुलेटच्या लाल रंगावर ठेवली आणि लाल आला. डीलर, म्हणजे टेबल चालवणारा कर्मचारी, एक हजाराच्या रोख चिप्स पुढे सरकवतो आणि मूळ चिप उचलून आपल्याकडे घेतो. स्वतःच्या पैशाची चिप असती तर ती टेबलावर राहिली असती व हातात दोन हजार आले असते. इथे जिंकूनही एकच हजार येतात, आणि हरल्यास काहीच नाही. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ घरांपैकी १८ लाल असतात, म्हणजे हजाराच्या या चिपचे सरासरी मोल ४८६ रुपये ठरते, दर्शनी मूल्याच्या, म्हणजे चिपवर लिहिलेल्या रकमेच्या, निम्म्याहूनही कमी.

आता दोन काल्पनिक पॅकेजे शेजारी ठेवून पाहावीत. एक ३,००० रुपयांचे, त्यात २,००० च्या ओटीपी चिप्स. दुसरे २,५०० चे, त्यात १,००० च्या. जाहिरातीच्या हिशेबाने पहिल्याचा निव्वळ खर्च १,००० आणि दुसऱ्याचा १,५००, म्हणून पहिले स्वस्त. खऱ्या मोलाने मोजले तर पहिल्याचा खर्च २,०२७ आणि दुसऱ्याचा २,०१४ रुपये येतो, म्हणजे फरक जवळपास नाहीसा होतो, किंबहुना उलटतो. याच चिप्स एका आकड्यावर लावू दिल्या तर गणित बदलते, कारण तेथे ३५ पट मिळतात व हजाराच्या चिपचे सरासरी मोल ९४६ पर्यंत जाते. पण ३७ पैकी ३६ वेळा हाती काही लागत नाही, आणि अशा चिप्स केवळ समसमान पैशाच्या डावावरच (लावले तितकेच जिंकता येणाऱ्या, उदाहरणार्थ लाल रंगावरच्या) चालतील अशी अट जिथे असते तिथे हा मार्गही बंद होतो. अट छापील कुपनावर बारीक अक्षरात असते, म्हणून ती पैसे भरण्याआधी विचारून घ्यावी. चिप्सच नको असतील तर केवळ प्रवेश व जेवणाचा दर किती, हेही विचारावे. शुक्रवार ते रविवार दर चढे असतात, आणि सोमवार ते गुरुवारच्या दरातली घट ही रोख बचत असते, तिला कोणतेही मोल लावावे लागत नाही.

२०२० च्या १ फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली आणि सवलतींचा रोख पूर्णपणे बाहेरच्या पर्यटकाकडे वळला. त्यानंतर काही आठवड्यांतच टाळेबंदी आली, आणि १ नोव्हेंबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने जहाजे पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातही १९७६ चाच एक कॅसिनो कायदा कागदोपत्री होता, पण तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे मराठी पर्यटकाच्या दृष्टीने कॅसिनोची सहल म्हणजे गोवा हे समीकरण टिकून राहिले.

या सहलीचा खर्च सर्वांत जास्त हलवला तो २०२३ च्या कराच्या निर्णयाने. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हाच कॅसिनोवर २८ टक्क्यांचा दर होता. वाद दराचा नव्हताच, दर कशावर लावायचा याचा होता. चालकांचे म्हणणे असे की विकलेल्या चिप्समधून बक्षिसे वजा जाता जी ढोबळ कमाई उरते तिच्यावरच कर लागावा. दुसरे मत असे की खेळाडूने भरलेल्या पूर्ण दर्शनी मूल्यावर तो लागावा. मंत्र्यांच्या एका गटाने यावर अहवाल दिला, जून २०२२ मध्ये तो फेरविचारासाठी परत गेला, आणि ११ जुलै २०२३ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेत पूर्ण दर्शनी मूल्याच्या बाजूने निर्णय झाला. गोवा व सिक्कीम या कॅसिनो असलेल्या राज्यांनी ढोबळ कमाईचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. परिषदेच्या २ ऑगस्टच्या बैठकीत एवढाच दिलासा मिळाला की कर प्रत्येक डावावर न लागता आत येताना घेतलेल्या चिप्सवर एकदाच लागेल. हजार रुपये लावून तीनशे जिंकले आणि तेराशे पुन्हा लावले, तर त्या तीनशेवर वेगळा कर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे लागू झाले.

जुगारावर जड कर असावा या मताला नैतिक आधार आहे हे मान्यच. पण जो बोजा चालकाच्या कमाईवर होता तो या पद्धतीने चिप विकत घेणाऱ्याच्या पहिल्या नोटेवर आला, आणि जाहिरातीत मात्र तो दिसत नाही, हे सामान्य पर्यटकाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. या कराच्या नियमाची भाषा खेळाडूने ‘किंवा त्याच्या वतीने’ दिलेली वा देय असलेली एकूण रक्कम अशी आहे. प्रवेशदरात कापलेली सूट खेळाडूने मोजायची रक्कम सरळ कमी करते. मात्र पॅकेजमध्ये गुंडाळलेल्या ‘मोफत’ चिपसाठी कोणी, किती दिले असे मानायचे, हा प्रश्न त्याच शब्दांतून उभा राहतो. सवलत आणि भेट यांच्यातला हा फरक जुन्या पद्धतीत कोणाला फारसा जाणवतही नव्हता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. कर वेगळा घेतला तर १,००० च्या चिप्ससाठी १,४०० मोजावे लागतात. आतच धरला तर १,००० रुपयांत ७१४ च्याच चिप्स येतात, त्याच जागी २८ टक्क्यांच्या काळात ७८१ च्या येत. दोहोंपैकी कोणता हिशेब लागू आहे हे काउंटरवर विचारल्याशिवाय दोन कॅसिनोंच्या दरांची तुलना करता येत नाही. आणि याच नियमात आणखी एक तरतूद आहे: न खेळलेल्या चिप्स परत करून घेतलेली रक्कम करपात्र मूल्यातून वजा होत नाही. कर वेगळा घेणाऱ्या ठिकाणी १०,००० च्या चिप्स घेऊन त्यातल्या ६,००० च्या तशाच परत केल्या, तर ६,००० रुपये हातात येतात, पण त्यांच्यावर भरलेला २,४०० रुपयांचा कर सरकारजमाच राहतो. म्हणून चिप्स एकदम न घेता लागतील तशा हजार-दोन हजारांच्या घेणे ही आज कोणत्याही कुपनापेक्षा मोठी सवलत ठरू शकते.