१६९.२५४ की एफई८०: खोट कुठल्या पत्त्यात?

लोकमान्य नगरातून काकूंचा फोन. "अरे, नेट बंद आहे, पण वायफायच्या काड्या पूर्ण आहेत. आणि ॲड्रेस एक सोडून दोन-दोन आलेत!" मी इंदूरच्या दुसऱ्या टोकाला. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करून काय दिसतं ते वाचा म्हटलं. पहिली ओळ एफई८० ची. अक्षरं आणि वर शेवटी टक्क्याची खूण, म्हणून काकूंचा संशय तिच्यावर. दुसरी दिसायला गरीब: १६९.२५४.३८.११७. खोट याच गरिबात होती.

दोन्ही पत्ते मशीन आपले आपणच घेतं, दोन्ही राउटरपलीकडे जात नाहीत, आणि दोन्हींना लिंक-लोकलच म्हणतात. घोळ होणारच.

१६९.२५४ हा नाइलाजाचा पत्ता. कॉम्प्युटर आधी डीएचसीपीला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेला, हाक मारतो. घरी बहुतेक राउटरच ओ देतो आणि १९२.१६८ वगैरे पत्ता हाती ठेवतो. कुणीच ओ दिली नाही, तर विंडोज या पट्ट्यातला एक आकडा निवडून एआरपीनं, म्हणजे त्याच नेटवर्कवरच्या सगळ्यांना हाक देऊन, विचारतं, पंगतीत विचारतात तसं: "इथं कुणी बसलंय का?" उत्तर नाही आलं की बसून घेतं. पण वाढपीच नाही! गेटवे (बाहेर जायचं दार) नाही, डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता सांगणारा) नाही. विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा हाक मारत राहतं. विंडोज ९८ पासूनची ही सोय. तिचा लेखी नियम, आरएफसी ३९२७, आला २००५ मध्ये. मॅकही हेच करतो, पण 'सेल्फ-असाइन्ड' असं कबूल करतो, हे मला आवडतं.

एफई८० मात्र आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असलेल्या प्रत्येक इंटरफेसवर, म्हणजे वायफाय, केबल अशा प्रत्येक जोडणीवर, असतोच, नेट असो वा नसो. शेजारच्या राउटरशी बोलणं त्यावरूनच होतं. वायफाय आणि केबल, दोन्हीकडे एफई८० च. मग कुठल्या दारानं जायचं ते टक्क्यापुढचा आकडा सांगतो. लिनक्सवर तिथं इंटरफेसचं नाव येतं. सुरुवातीच्या दिवसांत आयपीव्ही६ ची टिक काढून 'दुरुस्ती केली' म्हणत मीही लोकांच्या घरून ऐटीत परतलोय.

लॅपटॉप माडीवरच्या जुन्या राउटरला जोडलेला निघाला. त्याचं डीएचसीपी मीच बंद केलं होतं. पत्ते खालचा राउटर देतो, आणि खालून येणारी केबल सुटली होती. काड्या पूर्ण दिसणारच. काकूंनी ती खट्कन बसवली. १९२.१६८.१.७.

"आणि ती अक्षरांची ओळ?"

"आहे तशीच असेल."

"आहे ना रे! बरं, राहू दे मग."