कोनायझेशन म्हणजे छोटी ट्रॅकेलेक्टॉमी नव्हे

गर्भाशयमुखाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला आणि पुढे मूल हवं असेल, तर पिशवी राखून उपचार होऊ शकतो, एवढं आता अनेकींना माहीत असतं. गोंधळ त्यापुढे सुरू होतो. कोनायझेशन आणि ट्रॅकेलेक्टॉमी अशी दोन नावं कानावर पडतात आणि समजूत होते, की पहिलं छोटं ऑपरेशन आणि दुसरं तेच, फक्त मोठं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "कॅन्सरच आहे ना, मग छोटं कशाला? एकदाच काय ते मोठं करून टाका." काळजीपोटी दिलेला हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो देताना कुणाच्या मनात शंकाही येत नाही, याचा मला फार त्रास होतो.

कोनायझेशन बहुतेकींच्या ओळखीचं आहे. पॅप स्मिअर बिघडला, कॉल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून मुखाची तपासणी झाली, मग मुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढला. कोन बायोप्सी म्हणतात ती हीच.

ट्रॅकेलेक्टॉमीत जवळजवळ सगळं गर्भाशयमुख काढतात, उरलेली पिशवी योनीला जोडतात आणि नव्या तोंडाशी बहुधा कायमचा टाका घालतात. फ्रान्समधल्या ल्यॉनचे डॅनिएल दार्जाँ यांनी योनीमार्गे करायच्या या शस्त्रक्रियेची माहिती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. ती 'रॅडिकल' असेल, तर योनीचा वरचा काठ आणि मुखाच्या दोन्ही बाजूंचं पॅरामेट्रियम, म्हणजे त्याला आधार देणारी ऊती, तीही जाते. मूत्रवाहिनी आणि लघवीच्या पिशवीच्या नसा याच भागातून जातात. म्हणून रॅडिकल शस्त्रक्रियेनंतर लघवीचे त्रास होऊ शकतात. रॅडिकल म्हटलं की अंडाशयही गेले, असं अनेक जण धरून चालतात. ते साफ चूक आहे. ट्रॅकेलेक्टॉमीत अंडाशय जागेवर राहतात.

आता खरा मुद्दा. कोनायझेशन ही आधी तपासणी आहे आणि मग, रिपोर्ट अनुकूल आला तर, उपचार. ट्रॅकेलेक्टॉमी हा ठरवून केलेला उपचार आहे. आजार किती आहे हे ठाऊक झाल्यावरच तिचा विचार करायचा.

डोळ्यांना गाठ दिसत असेल, तर साध्या बायोप्सीने निदान होतं आणि एमआरआयवर तिचा आकार कळतो. पण दिसतच नाही एवढा लहान कॅन्सर किती खोल गेला आहे, हे चिमटीएवढ्या बायोप्सीवरून सांगता येत नाही. त्यासाठी अख्खा कोन सूक्ष्मदर्शकाखाली जावा लागतो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कॅन्सरचे टप्पे ठरवलेत; त्यांच्या २०१८ च्या वर्गीकरणात ३ मिलिमीटरपर्यंतची खोली म्हणजे १ए१ टप्पा, ३ ते ५ मिलिमीटर म्हणजे १ए२. त्याहून खोल पण २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ म्हणजे १बी१. पुढचे सगळे निर्णय या मिलिमीटरवर उभे असतात, आणि तो आकडा कोन काढल्याशिवाय हाती येत नाही. तो यायच्या आधी "मोठंच करा" म्हणणं म्हणजे किती शिवायचं हे माहीत नसताना कापड फाडणं.

कोनच्या रिपोर्टमध्ये खोलीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे कापलेल्या काठावर आजार नाही ना. दुसरी, कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत शिरल्या आहेत का. रिपोर्टात हे एलव्हीएसआय म्हणून लिहितात. खोली १ए१ ची, कडा स्वच्छ आणि एलव्हीएसआय नाही, असं असेल तर लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर पोहोचल्याची शक्यता १ टक्क्याहून कमी असते. तिथे कोन हाच पुरा उपचार झाला. त्यावर ट्रॅकेलेक्टॉमी करणं म्हणजे गर्भाशयमुख विनाकारण गमावणं. कडेला आजार दिसला, तर कोन 'फसला' असं म्हणतात, तेही मला पटत नाही. आजार कडेपर्यंत आहे हे कळलं म्हणजे तपासणीने आपलं काम केलं. आता बहुधा पुन्हा कोन काढून खोली नीट मोजायची.

म्हणूनच कॅन्सरची शंका असताना तुकड्यातुकड्यांत काढलेला, कडा जळलेला कोन मला अजिबात मान्य नाही. लीपची तार, म्हणजे विजेवर तापणारी कापायची तार, सोयीची आहे, कॅन्सरपूर्व बदलांसाठी उत्तम आहे. पण तिने एकसंध आणि कडा वाचता येतील असा तुकडा मिळणार नसेल, तर सुरीने काढलेला कोनच बरा.

१ए१ मध्ये एलव्हीएसआय असेल किंवा आजार १ए२ चा असेल, तर लसीकाग्रंथी तपासाव्या लागतात. ग्रंथींत कॅन्सर सापडला तर पिशवी राखायचा बेत सोडून केमो-रेडिएशनकडे वळतात. ग्रंथी स्वच्छ असतील तर स्वच्छ कडांचा कोन किंवा ट्रॅकेलेक्टॉमी, दोन्ही वाटा खुल्या असतात. १बी१ साठी रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी हाच रुळलेला मार्ग होता. आता तिथेही कोनला जागा मिळू लागली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉनसर्व्ह अभ्यासात १०० स्त्रिया होत्या: गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, खोली १० मिलिमीटरपर्यंत, एलव्हीएसआय नाही, कडा स्वच्छ. त्यांतल्या काहींची पिशवी काढली, तर ज्यांना मूल हवं होतं त्यांच्यात कोन आणि ग्रंथींची तपासणी एवढंच केलं. सगळ्या मिळून दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३.५ टक्के होतं. यातली एकही अट गळली, तर हा आकडा आपल्याला लागू होत नाही. आणि न्यूरोएंडोक्राइन या दुर्मीळ, आक्रमक प्रकारचा कॅन्सर असेल, तर गाठ कितीही लहान असो, पिशवी राखण्याचा हट्ट धरू नये.

बाळंतपणात फरक पडतो तो असा: कोननंतर नैसर्गिक प्रसूती बहुधा शक्य असते, ट्रॅकेलेक्टॉमीनंतर सिझेरियनच करतात. वेळेआधी प्रसूतीचा धोका दोन्हींत वाढतो, ट्रॅकेलेक्टॉमीनंतर जास्त. गरोदर राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना कोणती शस्त्रक्रिया झाली ते नावानिशी सांगा. "पिशवीच्या तोंडाचं छोटं ऑपरेशन झालंय" एवढ्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.