नाक मोकळं, तरी वास नाही

पडसं झालं की वास येत नाही, याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. नाक चोंदलंय, हवाच वरपर्यंत पोचत नाही, मग वास कुठून येणार? वाफ घ्यायची, चार दिवस कळ काढायची, की फोडणी पुन्हा नाकात जायला लागते. २०२० मध्ये हा साधा हिशेब चुकला. माणसं सांगू लागली, की श्वास व्यवस्थित चाललाय, नाक गळत नाही, पण उदबत्ती नाकाशी धरली तरी काही कळत नाही. त्या वर्षी जूनमध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं.

बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. सगळ्यांचा नाही. अठरा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्याच्या अंदाजाप्रमाणे, कोविडमध्ये वास गेलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणांची तक्रार दीर्घकाळ टिकते. कोविडची लागण किती कोटी लोकांना झाली हे आठवलं, की हे पाच-सहा किरकोळ वाटत नाहीत. आणि हा प्रकार कोविडने नव्याने आणलेलाही नाही. साध्या पडशाचे आणि फ्लूचे विषाणूही हेच करतात. पडसं बरं झालं पण वास आलाच नाही, असे रुग्ण, त्यातही चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आधीपासून येत होते. फक्त त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं.

वास कळणारी जागा नाकपुडीत नसते. ती बरीच वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला असते. काही चौरस सेंटिमीटरचं ते अस्तर आणि त्यात लाखो गंधपेशी. या पेशी म्हणजे खऱ्याखुऱ्या चेतापेशी. त्यांचं एक टोक थेट बाहेरच्या हवेच्या वाटेवर लोंबतं आणि दुसरं चाळणीसारख्या भोकाभोकांच्या हाडातून वर मेंदूतल्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश आधी पोचतात त्या भागात, जातं. वास पकडणाऱ्या ग्राही रेणूंची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात आणि एक गंधपेशी त्यातला एकच निवडते. वेगवेगळ्या पेशी एकाच वेळी कमी-जास्त वाजल्या, की मेंदू त्या मेळाला नाव देतो: हा खमंग, हा कुबट, हा खवट.

धूळ, धूर, जंतू सगळं अंगावर घेणाऱ्या या पेशी झिजतात आणि मरतात. पण अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात, त्या नव्या गंधपेशी तयार करत राहतात. चेतापेशींच्या बाबतीत ही फार दुर्मीळ सोय आहे. त्यामुळे विषाणूने नाकाचं नुकसान का केलं, यापेक्षा एरवी इमानेइतबारे चालणारी दुरुस्ती काहींच्या बाबतीत का अडली, हा प्रश्न मला जास्त गमतीचा वाटतो.

पहिला संशय अर्थातच गंधपेशींवर होता: विषाणू त्यांच्यात शिरला असेल आणि त्या मेल्या असतील. पण नवी गंधपेशी तयार होऊन मेंदूपर्यंत जोडली जायला बरेच आठवडे लागतात आणि इथे कित्येकांना दहा-पंधरा दिवसांत वास येत होता. हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने जुलै २०२० मध्ये दाखवलं, की विषाणूला आत शिरायला जो एसीई-२ नावाचा रेणू लागतो, त्याचं जनुक गंधपेशींमध्ये चालूच नसतं. ते चालू असतं शेजारच्या आधारपेशींमध्ये. या पेशी गंधपेशींना धरून ठेवतात, त्यांचं पोषण करतात, भोवतीच्या शेंबडातल्या क्षारांचं प्रमाण राखतात. म्हणजे विषाणूने पालखीतल्या माणसाला हात लावला नाही, भोई पाडले. भोई पुन्हा उभे राहायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून बहुतेकांचा वास लवकर परतला.

पालखीतला माणूस मात्र नुसता बसून राहिला नव्हता. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या स्टॅव्ह्रोस लोमवार्दास यांच्या प्रयोगशाळेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरचं नाक आणि कोविडने मृत्यू पावलेल्या माणसांच्या नाकातलं अस्तर तपासलं. गंधपेशी जिवंत होत्या, पण त्यांनी ग्राही बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. एरवी या पेशीच्या केंद्रकात निरनिराळ्या गुणसूत्रांवरचे डीएनएचे तुकडे एकत्र येऊन निवडलेलं एक ग्राही जनुक चालू ठेवतात. शेजारी संसर्ग झाला आणि हे जुळवून आणलेलं कोंडाळंच विसकटलं. दुकान शाबूत, दुकानदार आत, फक्त शटर खाली. हॅमस्टरच्या शरीरातून विषाणू गेल्यावरही ही विसकट बराच काळ टिकली होती.

वर्ष-वर्ष वास न येणाऱ्यांच्या नाकात काय चाललंय, हे कळायला त्यांच्याच अस्तराचा नमुना हवा. ड्यूक विद्यापीठातल्या ब्रॅडली गोल्डस्टीन यांच्या गटाने तसे चोवीस जणांचे नमुने घेतले. त्यातल्या नऊ जणांना कोविडनंतर दीर्घकाळ वासाचा त्रास होता. २०२२ च्या अखेरीस त्यांनी सांगितलं ते असं: या नऊ जणांच्या अस्तरात विषाणू सापडत नाही, पण रोगप्रतिकारक टी-पेशी ठाण मांडून आहेत, इंटरफेरॉन गॅमा या, सूज पेटती ठेवणाऱ्या रेणूचे संदेश सोडत आहेत आणि गंधपेशींची संख्या कमी झाली आहे. मिरवणूक कधीच संपली, बंदोबस्त मात्र उठला नाही आणि रस्ता बंदच. चोवीस हा आकडा लहान आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्याच्याशी जुळणारा पुरावा त्याआधीच, २०१९ मध्ये, उंदरांवरच्या प्रयोगात मिळाला होता. अस्तरात सूज रेंगाळली, तर तळच्या मूळपेशी नव्या गंधपेशी बनवायचं सोडून संरक्षणाच्या कामाला लागतात आणि आणखी रोगप्रतिकारक पेशींना बोलावत राहतात. गवंडीच काम टाकून पहाऱ्यावर उभा राहिला, तर भिंत कोण बांधणार?

कधी कधी अस्तर परत येतं, पण वेडंवाकडं. वास येऊ लागतो आणि तो किळसवाणा असतो. कॉफीला सडका वास, परतलेला कांदा-लसूण असह्य, अंडं आणि भाजलेलं चिकन तर दूरच. घरातले खमंग म्हणतात त्याच फोडणीने एकाला मळमळतं आणि घरच्यांना ते नखरे वाटतात. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर यांनी २०२२ मध्ये कॉफीचे गंधरेणू वेगळे करून अशा लोकांना एकेक हुंगायला दिले. शेकडो रेणूंपैकी मोजक्याच रेणूंनी त्रास होतो, असं दिसलं. त्यात सगळ्यात पुढे होता २-फ्युरानमिथेनथायोल, गंधक असलेला आणि अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळणारा. मेळातले बरेच वादक अजून यायचे आहेत आणि आलेल्यांतला एक कर्कश वाजतोय, असं काहीसं. नव्या गंधपेशींचे तंतू घ्राणकंदात चुकीच्या ठिकाणी जोडले जात असावेत, अशीही एक शक्यता मांडली जाते. डॉक्टर या विकृत वासाला पेशी उगवू लागल्याची खूण मानतात. जेवणाच्या ताटावरून उठून जाणाऱ्याला हे पटवणं अवघड.

उपचारांची कथा त्या मानाने छोटी आहे. गोळ्या आणि फवारे अनेक तपासले गेले, पण ठामपणे हाती धरावं असं औषध नाही. त्यातल्या त्यात आधार आहे तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या गंधसरावाला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज दोन वेळा, मन लावून, किमान बारा आठवडे हुंगायचे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण काहींना येतो आणि अपाय काही नाही. यात एक गोम आहे. निलगिरीचा थंडावा किंवा बामची झणझण वासाच्या चेतेतून कळत नाही. चेहऱ्याची संवेदना नेणारी वेगळी चेता ते काम करते, ठेच्याचा ठसकाही तिचाच. त्यामुळे बाम कळला म्हणजे वास आला, असं नाही. चवीचंही तसंच. मीठ, साखर, चिंच जिभेला कळतात, पण कोथिंबीर आणि हिंग हे नाकाचं काम आहे.

आपल्याला वास येतो की नाही, हे तरी आपल्याला नीट कळतं का? पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर २०२० मध्ये वास मोजणारं एक यंत्र रुग्णांवर वापरलं. लक्षणं नसलेल्या, वासाची काहीच तक्रार न करणाऱ्या अनेक बाधितांमध्येही यंत्राला उणीव दिसली.

ही उणीव स्वयंपाकघरात महागात पडू शकते. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन घालतात, तेही कॉफीतल्या त्या रेणूसारखं गंधक असलेलंच. ज्यांचा वास परतलेला नाही, त्यांच्या घरी गॅसगळतीचा अलार्म हवा. तो जमिनीलगत बसवायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.