मुक्त संचार व्यवस्था (भारत–म्यानमार सीमा)

भारत-म्यानमार सीमेवर राहणाऱ्या डोंगरी जमातींना पासपोर्ट-व्हिसाशिवाय ठरावीक अंतरापर्यंत पलीकडे जाऊ देणारी व्यवस्था. बातम्यांत ती ‘एफएमआर’ (फ्री मूव्हमेंट रेजीम) या नावाने ओळखली जाते. 1,643 किलोमीटरची ही सीमा अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांना भिडते.

पहिले इंग्रज-बर्मी युद्ध संपवणाऱ्या यांदाबूच्या तहानंतर (1826) इंग्रजांनी टप्प्याटप्प्याने आखलेल्या रेषेने नागा, कुकी, मिझो-चिन समाजांची गावे, शेते आणि सोयरिकी दुभागल्या. भारत आणि म्यानमार (तेव्हाचा बर्मा) यांच्या 1967 च्या सीमाकरारानंतरही ते दुभागलेपण तसेच राहिले. नागालँडच्या मोन जिल्ह्यातील लोंगवा गावात ही रेषा कोन्याक नागांच्या अंगाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरातूनच जाते. मिझो परंपरेनुसार मृतांचे आत्मे ज्या रिह दिल सरोवरावरून परलोकी जातात, ते सरोवर मिझोरामच्या झोखावथार गावाजवळ असले तरी म्यानमारच्या हद्दीत आहे. अशा ठिकाणी ये-जा बंद करणे अमानुष ठरले असते. म्हणूनच ही सवलत आली. सुरुवातीला तिची मर्यादा 40 किलोमीटर होती, 2004 मध्ये ती 16 वर आणली गेली. 2018 मध्ये दोन्ही देशांनी भू-सीमा ओलांडण्याबाबत करार केला.

सीमेवरचे धोके मात्र खरे आहेत. ईशान्येतील सशस्त्र गटांचे तळ कित्येक दशके म्यानमारच्या जंगलांत राहिले. हेरॉइन, सोने, सुपारी यांची तस्करी याच वाटांनी होते. मे 2023 मध्ये मणिपुरात हिंसाचार उसळल्यावर तेथील राज्य सरकारने बेकायदा स्थलांतराकडे बोट दाखवून ही व्यवस्था मोडीत काढण्याची मागणी लावून धरली.

मिझोरामचा अनुभव वेगळा आहे. 1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तेथील चिन राज्यातील कुटुंबे सीमेवरची तिआउ नदी ओलांडून येऊ लागली. मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चारही राज्यांना कळवले, की हा ओघ रोखा, निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. त्यावर मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून या माणसांना आसरा देण्याची विनंती केली. चर्च, यंग मिझो असोसिएशन ही सामाजिक संघटना आणि ग्रामस्थांनी तांदूळ, कपडे, छपराचे पत्रे जमवले. मुलांना सरकारी शाळांत प्रवेश मिळाला. स्वतःला तोशीस लावून दुसऱ्याच्या मदतीला धावण्याच्या या रीतीला मिझो लोक ‘त्लॉमङाइह्ना’ म्हणतात. पुढे आश्रितांची संख्या तीस हजारांवर गेली.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चे (जीविताच्या हक्काचे) संरक्षण परकीयांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या खटल्यात स्पष्ट केले होते. त्याच अनुच्छेदाच्या आधारे मणिपूर उच्च न्यायालयाने 3 मे 2021 रोजी सात म्यानमारी नागरिकांना, ज्यांत पत्रकार आणि लहान मुले होती, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत दिल्लीला जाऊ दिले. जिवाला धोका असलेल्या माणसाला परत ढकलू नये, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पळून आलेला शिक्षक आणि बंदूकधारी तस्कर यांना एकाच तराजूत न तोलण्याची वाट या निकालाने दाखवली, आणि तिला सुरक्षेची आडकाठी नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी संपूर्ण सीमेला कुंपण घालण्याची आणि ही व्यवस्था रद्द करण्याची घोषणा केली. मिझोराम व नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. गावात नवा माणूस कोण, कुठून आणि कशासाठी आला हे सर्वांत आधी ग्रामपरिषदेला कळते. तिचा विश्वास गमावला, तर कुंपणापाशी उभ्या जवानाला ती माहिती कोण देणार? डिसेंबर 2024 च्या नव्या नियमांत ये-जा पूर्ण बंद झाली नाही. मर्यादा 10 किलोमीटर झाली आणि सीमेवर पहारा देणाऱ्या आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या तपासणीनंतर, ठरवून दिलेल्या ठिकाणांवरून, सात दिवसांपर्यंतचा सीमापास मिळू लागला. आश्रितांची बायोमेट्रिक नोंदणी मिझोरामने आधी नाकारली होती. ती 2025 मध्ये सुरू झाली.