रिसायकलिंगचा टक्का वाढला म्हणजे कचरा कमी झाला असं नाही

शहर म्हणतं आम्ही 80 टक्के कचरा लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेवर, जाऊ देत नाही, आणि आपण धरून चालतो की तिथला कचरा घटला. पण ही दोन वेगळी टार्गेट्स आहेत. एक म्हणजे डायव्हर्जन, जेवढा कचरा निघाला त्यातला किती रिसायकलिंग नाहीतर खताकडे वळवला त्याचा टक्का. दुसरं म्हणजे मुळात निघाला किती, ते किलोत आणि टनात मोजायचं.

सॅन फ्रान्सिस्कोचंच बघा. 2020 पर्यंत झिरो वेस्ट, म्हणजे पुरायला काहीच जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं, 2009 मध्ये कायदा करून प्रत्येक घराला नि दुकानाला वर्गीकरण सक्तीचं केलं, खरकट्याला हिरवा डबा, रिसायकलिंगला निळा, उरलेलं काळ्यात, आणि 2012 मध्ये डायव्हर्जन 80 टक्क्यांवर गेल्याचं जाहीर केलं. काम खरोखर मोठं होतं, मला त्याचं आजही कौतुक वाटतं. पण झिरो काही आलं नाही.

का ते साध्या हिशोबात कळतं. समजा एखाद्या शहरात रोज 1000 टन कचरा निघतो, 800 टन वळवला, 200 टन पुरला, झाले 80 टक्के. काही वर्षांनी 1500 टन निघायला लागला आणि 1200 वळवला तरी टक्का तोच 80, जमिनीत मात्र आता रोज 300 टन जातोय! आणि उलटंही होतं बरं का, लोकांनी बाटल्या-खोकी कमी वापरली, कचरा 850 टनांवर आला, 650 वळवला, 200 पुरला, तर टक्का घसरून 76 वर येतो, म्हणजे शहर सुधारलं आणि आकडा बिघडला. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या टक्क्यात इमारती पाडल्याचा राडारोडा पण धरलेला होता, तो वजनाला जड, त्यामुळे टक्का लगेच चढतो.

त्यात 2018 पासून चीनने बाहेरच्या देशांचं बरंचसं रद्दी प्लास्टिक आणि मिक्स कागद घेणं बंद केलं आणि अमेरिकेतल्या कितीतरी शहरांना निळ्या डब्यातला माल विकणं अवघड झालं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने टार्गेट बदललं: 2015 च्या तुलनेत 2030 पर्यंत निघणारा कचरा 15 टक्के कमी आणि पुरला किंवा जाळला जाणारा निम्मा. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण टन लपवता येत नाहीत.

आपल्याकडे ओला-सुका वेगळा करणं हे पहिल्या प्रकारातलं काम, आणि पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरावेचक बायका दारोदार जाऊन ते करतायत, भंगारात जाणारा माल हाताने निवडून काढतात. 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदी दुसऱ्या प्रकारातली, पिशवी बनलीच नाही तर वेगळी करायचा प्रश्नच नाही. आपल्या महापालिकेने टक्का सांगितला की लगेच विचारा, एकूण टन किती आणि पाच वर्षांपूर्वी किती होते?