खर्च केला म्हणून भाव येत नाही

जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला काढली की सल्ला ठरलेला: खरेदीची किंमत अधिक डागडुजीचा खर्च, झाला भाव. हा हिशोब चुकीचा आहे.

ब्रिटनची जॅग्वार ई-टाइप घ्या, १९६१ ते १९७४ या काळात बनलेली. गंज काढणं, पत्र्याचं काम, रंग, इंजिन उघडणं यांवर उघड्या टपाच्या रोडस्टरला जेवढा पैसा लागतो, जवळपास तेवढाच १९६६ साली आलेल्या चार आसनी टू-प्लस-टूलाही लागतो. बाजारात मात्र टू-प्लस-टूला भाव बराच कमी. गिऱ्हाईक तुमची बिलं बघून खूश होईल, पैसे मोजेल ते मॉडेलचे. अगदी सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट बाहेरून, वेगळ्या चावीने उघडायचं. वापरायला कटकटच, पण भाव खातात त्याच! इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या मूळ नोंदीशी जुळतो का, हे जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यावरून कळतं. तो आधीच काढून ठेवा.

लिलावाचे छापून येणारे आकडेही जसेच्या तसे धरू नका. त्यात बहुधा खरेदीदाराने लिलावघराला दिलेलं कमिशनही असतं. विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमीच पडतं.