कॅमेऱ्याच्या फोनशी रोजचा संसार: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

पाठीवर बशीएवढा गोल कॅमेरा मिरवणारा, लाखाच्या घरातला फोन पुण्यात आता नवलाचा राहिलेला नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर तो दिसतो, सिंहगडावर भज्यांच्या बशीवर रोखलेला दिसतो, आणि लग्नात ठरवून बोलावलेल्या फोटोग्राफरच्या मध्ये मध्ये येणाऱ्या मामाच्या हातात तर हमखास असतो. तो घेण्याआधी लोक जे विचारतात ते मात्र फोटोंबद्दल नसतं. फोटो झकास येणार हे धरूनच चाललेलं असतं. विचारणा असते ती "रोजच्या वापराला कसा आहे?" अशी. खिशात मावतो का, तापतो का, बॅटरी रात्रीपर्यंत तग धरते का, टेबलावर ठेवून टाइप केलं की डुगडुगतो का.

या शंकांना बराच जुना इतिहास आहे. ज्या ज्या कंपनीने आधी कॅमेरा आणि मग फोन असं गणित मांडलं, तिला ग्राहकाने हाच प्रश्न विचारला, आणि बहुतेक वेळा उत्तर न आवडल्याने दुसराच फोन घेतला.

शार्प कंपनीचा जे-एसएच04 नोव्हेंबर 2000 मध्ये जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यात जेमतेम 1 लाख 10 हजार पिक्सेल होते. फोटो काढला की तिथल्या तिथे दुसऱ्याला पाठवता येतो, ही त्याची खरी मिजास. फोनच्या पोटात कॅमेरा मावू शकला तो सीमॉस सेन्सरमुळे, म्हणजे प्रकाश टिपून त्याचं चित्र करणाऱ्या चिपमुळे. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांनी 1990 च्या दशकात तो विकसित केला. अंतराळयानाला लहान, हलका आणि वीज कमी खाणारा कॅमेरा हवा होता. पुढे फोनच्या गरजाही नेमक्या त्याच निघाल्या.

आपल्याकडे हे प्रकरण नोकियाच्या वाटेने आलं. 2002 चा 7650, मग 2003 चा गुबगुबीत 6600. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यावर ज्याच्याकडे 6600 त्याच्याभोवती घोळका, असे ते दिवस. फोटो 640 बाय 480 चा, फ्लॅश नाही, संध्याकाळी सहानंतर सगळेच चेहरे एकसारखे. फोटो ब्लूटूथने या फोनमधून त्या फोनमध्ये जायचा आणि बहुतेक वेळा तिथेच मरायचा. 2007 मध्ये बाजारात आलेल्या एन95 ने 5 मेगापिक्सेल आणि कार्ल झाइस या जर्मन कंपनीची लेन्स दिली, तेव्हा पहिल्यांदा घरातला छोटा डिजिटल कॅमेरा सहलीला न नेता भागायला लागलं. पुढचा परिणाम जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत दिसतो: 2010 मध्ये जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, 2023 मध्ये 80 लाखही नाहीत.

यानंतर वाट फुटली. एका बाजूचं म्हणणं, काच मोठी करा, सेन्सर मोठा करा, प्रकाश जास्त घ्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फोन सडपातळच ठेवा, उरलेलं काम हिशेबाने, म्हणजे सॉफ्टवेअरने करू.

पहिल्या बाजूचा झेंडा नोकियाने सगळ्यात उंच नेला. फेब्रुवारी 2012 मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात 808 प्युअरव्ह्यू दाखवला गेला, 41 मेगापिक्सेलचा. आकडा ऐकून पुष्कळांनी नाक मुरडलं. पण त्यामागचा विचार पक्का होता. अनेक पिक्सेलची माहिती एकात घोटून 5 मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो काढायचा, आणि झूम करताना लेन्स न हलवता त्याच मोठ्या चित्राचा मधला भाग घ्यायचा. आज कुठल्याही मध्यम किमतीच्या फोनमध्ये चार पिक्सेलचा एक करतात, त्यामागची कल्पना हीच. अडचण शरीराची होती. जाडी 13.9 मिलिमीटर, कॅमेऱ्यापाशी जवळजवळ 18. वजन 169 ग्रॅम. त्याच वर्षीचा आयफोन 5 होता 112 ग्रॅमचा आणि 7.6 मिलिमीटर जाड. वजन एक वेळ चाललं असतं, पण 808 सिम्बियन या नोकियाच्या जुन्या कार्यप्रणालीवर चालत होता, आणि आपण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीकडे वळतो आहोत हे नोकियाने वर्षभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे घर पाडायची नोटीस लागल्यावर त्यात झुंबर बसवलं. 2013 चा ल्युमिया 1020 तसाच 41 मेगापिक्सेलचा कॅमेरा विंडोजवर घेऊन आला. आपल्याकडे पन्नास हजारांच्या आसपास किंमत, आणि ॲपच्या नावाने शंख. हौशी लोकांनी घेतला, फोटो काढले, आणि फोन करायला दुसरा बाळगला.

2014 मध्ये आणखी दोन जीव यात खर्ची पडले. पॅनासोनिकच्या सीएम1 मध्ये एक इंची वर्गाचा (हे नुसतं नाव, खरं माप नव्हे) मोठा सेन्सर आणि लायका या जर्मन कॅमेरा कंपनीची लेन्स होती. तो मुळात कॅमेराच होता, अँड्रॉइड चालणारा. सॅमसंगच्या के झूममधून लेन्सचं नळकांडं बाहेर यायचं. खिशात चुकून सुरू झाला तर काय, याचं समाधानकारक उत्तर कुणाकडे नव्हतं.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे हिशेबवाल्यांची करामत समजून घ्यायला लक्ष्मी रस्त्यासारखी जागा नाही. रात्रीचे दोन वाजलेले, रथावर हजारो दिव्यांची रोषणाई, गणपतीच्या मुकुटावर झोत, आणि दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या गॅलऱ्यांत दाटीवाटीने उभी असलेली माणसं मिट्ट काळोखात. जुना कॅमेरा इथे एकालाच न्याय देऊ शकत होता. माणसं दिसावीत म्हणून उजेड वाढवला तर बाप्पा पांढरा डाग व्हायचा, आणि बाप्पा नीट आला तर रस्ता गुडुप. गूगलमध्ये मार्क लेव्हॉय यांच्या गटाने एचडीआर प्लस नावाची पद्धत आणली, आधी 2013 च्या नेक्सस 5 या फोनमध्ये. ती मुद्दाम कमी उजेडाचे अनेक फोटो झपाट्याने काढते, ते एकावर एक जुळवते, त्यांची सरासरी काढून सावलीतली खरखर घालवते आणि मग फक्त काळोखाचा भाग उजळते. मुकुटावरचं नक्षीकामही राहतं आणि गॅलरीतली आजीही दिसते.

यात पंचाईत हलणाऱ्या गोष्टींची. ढोलावर पडणारं टिपरू दर फोटोत वेगळ्या जागी असतं. कुठल्या क्षणाचं खरं धरायचं हे फोनला ठरवावं लागतं, नाहीतर एका वादकाला तीन हात फुटतात. ढोलाचं एक वेळ जमतं. ताशाच्या काड्या मात्र आजही कित्येक महागड्या फोनमधून धूसर पट्टा होऊन येतात. एलईडीच्या भिंतीसमोर फोटोवर आडव्या रेघा येतात त्याचं कारण वेगळं, तिथे दिव्यांची उघडझाप आणि सेन्सर ओळीओळीने वाचण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. लेझरच्या झोतासमोर तर कॅमेरा धरूच नये. तो सेन्सरवर थेट पडला तर कायमचा ठिपका किंवा रेघ राहते, आणि तिथे कुठलाही हिशेब उपयोगी पडत नाही.

गूगलचाच 2016 चा पिक्सेल नावाचा फोन आणि अंधारातल्या फोटोंसाठीचं 2018 चं नाइट साइट यांनी दाखवून दिलं की पाठीमागे एकच कॅमेरा असलेला साधासा फोनही भल्याभल्यांना घाम फोडू शकतो. काही काळ वाटलं, भांडण मिटलं, हिशेबवाले जिंकले.

पण हुआवे या चिनी कंपनीने दोन्ही घराण्यांची सोयरीक जमवली. लायकाच्या शिक्क्याचा पी20 प्रो 2018 मध्ये आला, 40 मेगापिक्सेल आणि तीन कॅमेऱ्यांचा. पुढच्या वर्षीच्या पी30 प्रोमध्ये पेरिस्कोप झूम होता, म्हणजे प्रकाश आत शिरला की काटकोनात वळवून भिंगं फोनच्या जाडीत नाही, रुंदीत आडवी मांडायची. मोठी काचही आणि जोरकस हिशेबही. मग मे 2019 मध्ये अमेरिकेचे निर्बंध आले आणि पुढच्या हुआवे फोनमधून गूगलच्या सेवा गेल्या. पुन्हा 808 चीच गत, कॅमेरा अव्वल आणि रोजचा वापर अडलेला. भारतात तर 2016 पासून यूपीआय अंगवळणी पडलेलं. अमृततुल्यात चहा घेऊन क्यूआर स्कॅन करता येईल की नाही अशी धाकधूक असलेला फोन कितीही चांगले फोटो काढू दे, पुणेकर तो घेणार नाही. (तसं पाहिलं तर या लाखाच्या कॅमेऱ्यांनी दिवसभरात सर्वाधिक टिपलेली गोष्ट क्यूआर कोडच असेल.)

रिकामी झालेली गादी शाओमी, विवो आणि ओप्पो यांनी वाटून घेतली, आणि प्रत्येकीने जुन्या कॅमेरा घराण्यातलं एकेक नाव पदरात पाडून घेतलं. विवोने झाइस, ओप्पो-वनप्लसने हॅसलब्लाड, आणि हुआवेशी फारकत झाल्यावर लायका शाओमीकडे गेली. जुलै 2022 चा शाओमी 12एस अल्ट्रा सोनीचा एक इंची वर्गाचा सेन्सर घेऊन आला, पण फक्त चीनमध्ये. 2023 मध्ये तोच सेन्सर शाओमी 13 प्रो आणि विवो एक्स90 प्रोच्या रूपाने भारतात पोचला, आणि मार्च 2024 मध्ये शाओमी 14 अल्ट्रा 99,999 रुपयांना.

या फोनचं वजन 220 ग्रॅमच्या आसपास. 808 हून पन्नास ग्रॅमने जास्त! तेव्हा जे वजन चेष्टेचा विषय होतं, त्याहून जड फोन आता लोक हप्त्यावर घेतात. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. कॅमेऱ्याचा फोन बारीक झालाच नाही. पडदे वाढले, बॅटऱ्या वाढल्या, आयफोनचा प्रो मॅक्सही 240 ग्रॅमला जाऊन आला. सगळीच मंडळी सुटल्यावर हा एकटा कसा लठ्ठ दिसणार? शिवाय तो साध्या अँड्रॉइडवर चालतो, बँकेचं ॲप कुरकुर करत नाही. कॅमेऱ्याने हट्ट सोडून फोनच्या घरात दुय्यम जागा पत्करली, तेव्हाच त्याचा जम बसला.

अंगभूत खोडी मात्र राहिल्या. एक इंची वर्गाचा हा सेन्सर सुमारे 13.1 बाय 9.8 मिलिमीटरचा, 2016 च्या पिक्सेल फोनमधल्या सेन्सरच्या चौपटीहून जास्त क्षेत्रफळाचा. तेवढंच दृश्य तेवढ्या मोठ्या सेन्सरवर उमटवायचं तर भिंगं त्याच्यापासून लांब ठेवावी लागतात. पाठीवरचा उंचवटा आणि टेबलावरची डुगडुग तिथून येते. कव्हर घातल्यावर ती कमी होते, पण मग फोन खिशातून काढणं हा व्यायाम होतो.

दुसरी खोड कागदाच्या फोटोत दिसते. सातबारा, वीजबिल किंवा आधार कार्ड या फोनने जवळून टिपून पाहा. मधल्या ओळी लख्ख, कडेची अक्षरं विरघळलेली. मोठा सेन्सर आणि रुंद तोंडाची लेन्स असली की जवळच्या वस्तूचा फारच पातळ थर स्पष्ट येतो. माणसाच्या चेहऱ्यामागे जी सुंदर धूसरता येते, तीच इथे वैरीण होते. थोडं मागे सरकून दुप्पट झूमवर काढलं की अक्षरं जागेवर येतात. यावरचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे लेन्सचं तोंड लहानमोठं करणारं ॲपर्चर. ते 2009 मध्ये नोकियाच्या एन86 मध्ये होतं, 2018 मध्ये गॅलेक्सी एस9 मध्ये आलं, दोन वर्षांत सॅमसंगने काढून टाकलं, शाओमी 14 अल्ट्रामध्ये परत आलं आणि 15 अल्ट्रामधून पुन्हा गेलं. हलणारा भाग महाग पडतो आणि जागा खातो, म्हणून हा पाहुणा टिकत नाही.

तिसरी गोष्ट दुचाकीवाल्यांच्या शहराने नीट ऐकावी. हात थरथरला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून भिंग तरंगतं ठेवण्याची सोय 2012 च्या ल्युमिया 920 ने लोकांपुढे आणली. आता ती सगळ्या बड्या फोनमध्ये असते. मॅप बघायला फोन हँडलला लावला की इंजिनाचा थरथराट थेट या तरंगत्या भागाला जातो. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतो, असं ॲपलने 2021 मध्ये आपल्या फोनपुरतं लेखी सांगितलं. रचना सगळ्यांची त्याच जातीची, आणि भिंगं जेवढी मोठी तेवढा तरंगता भार जास्त. इंजिनात आपले खड्डे मिळवले म्हणजे झालं. हँडलला जुना फोन लावावा, किंवा आवाजावर रस्ता ऐकावा.

हिशेबवाल्या घराण्याची खोड निराळी. कोजागरीला गच्चीवर दूध आटतं तोवर दहा जण चंद्रावर झूम मारतात आणि दहाही फोटोत खड्डे स्पष्ट दिसतात. त्यातलं भिंगाने किती पाहिलं आणि यंत्राने किती भरलं, हा वाद मार्च 2023 मध्ये एवढा पेटला की सॅमसंगने जाहीर खुलासा केला: चित्रात चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि त्याचे बारकावे वाढवतो. चंद्राचं ठीक आहे, तो तक्रार करत नाही. काकूंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गुळगुळीत होतात तेव्हा काकू खूश असतात आणि बाकीचे गप्प. आणि एवढं सगळं करून तो फोटो व्हॉट्सॅपवरच्या घरच्या ग्रुपवर जातो, तिथे त्याचा चोथा होतो. एचडी पाठवायची सोय ऑगस्ट 2023 मध्ये आली, पण ते बटण दाबण्याएवढा धीर कुणाला असतो?

सध्या वारं पुन्हा काचेच्या बाजूने वाहतं आहे. विवोने 2025 मध्ये एक्स200 अल्ट्राबरोबर बाहेरून बसवायची झाइसची दूरभिंग चीनमध्ये विकायला काढली, आणि वर्षअखेरीला एक्स300 प्रोबरोबर तशीच भिंग भारतातही आली. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्यांना तिचा मोह न पडला तरच नवल. ती थेट फोनवर बसत नाही, आधी खास कव्हर, त्यावर कडं, मग भिंग. बसवल्यावर पडद्यावर पक्षी उलटे दिसतात, कारण दुर्बिणीच्या या रचनेत प्रतिमा उलटीच पडते. ॲपमध्ये त्यासाठीचा मोड निवडला की सरळ होतात. मध्येच फोन आला तर भिंगासकट कानाला लावायचा, नाहीतर स्पीकरवर टाकून होडीतल्या सगळ्यांना ऐकवायचा.